मातीला स्थगिती

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवरून आत वळलं की आमची नवसंतोष सोसायटी लागते. चार मजले, एक लिफ्ट, दोन गेटं, त्यातलं एक कायम बंद. आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसलेले आहेत. मागच्या बाजूचा मातीचा एक तुकडा तेवढा सुटला होता. त्याचं काय करायचं याबद्दल सोसायटीत दोन मतं होती, आणि आमच्याकडे दोन मतं झाली की काम होत नाही, सभा होते.

तुकडा म्हणजे काही मैदान नव्हे. एका कडेला देशी बदामाचं झाड, दुसऱ्या कडेला पंपाची खोली आणि मध्ये चार गाड्या दाटीवाटीने मावतील एवढी जागा. जागा मोजायचं मुंबईत दुसरं माप नाही.

हा तुकडा तळमजल्यावरच्या कुंदाताई टिपणिसांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर येतो. कुंदाताईंनी शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. लग्न होऊन इथे आल्यापासून फोडणी देताना, कणीक तिंबताना, नवऱ्याचं बोलणं ऐकत असल्याचं दाखवताना त्यांची नजर या मातीवर असायची. चौथ्या मजल्यावरच्या धवल गोरडियाला तिथे ब्लॉक बसवून पार्किंग हवं होतं. तसं झालं असतं तर कुंदाताईंना उरलेलं आयुष्य बंपरकडे बघत कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागल्या असत्या.

बायकोची खिडकी वाचवायला मार्तंड टिपणीस पुढे आले. हे विमा कंपनीतून प्रशासकीय अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. कंपनी सुटली, प्रशासन सुटलं नाही. सर्वसाधारण सभेत उभं राहून त्यांनी सांगितलं, "तिथे आपण भाजीपाला लावू. विषमुक्त भाजी, आपल्याच अंगणातली!"

टाळ्या पडल्या. धवल चांगला मुलगा, पण व्यवहारी. तो म्हणाला, "घ्या एक वर्ष, टिपणीसकाका. पुढच्या सभेपर्यंत ताटात भाजी आली नाही तर ब्लॉक बसणार."

"मंजूर!" काका म्हणाले.

"अहो, जरा थांबा," कुंदाताई म्हणाल्या. पण तोवर कृषी उपसमिती स्थापन झाली होती आणि मार्तंडराव तिचे अध्यक्ष झाले होते.

सोसायटीचे अध्यक्ष नंदकिशोर बर्वे हे अत्यंत न्यायी गृहस्थ. न्याय म्हणजे सगळ्यांना सारखा त्रास, अशी त्यांची साधी व्याख्या. त्यांनी ठरवलं की शेतीचा भार एकट्या टिपणिसांवर नको. दर रविवारी एका फ्लॅटची पाळी. आणि इथेच मातीची वाट लागली. कारण पाळी म्हटली की माणसाला काहीतरी केल्याचं दिसावं लागतं. माती चांगली होती म्हणून आम्ही तिला हात लावला नाही, असं सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये कोण सांगेल?

पहिल्या रविवारी माती खणली गेली. दुसऱ्या पाळीवाल्यांना आधीचं खणणं वरवरचं वाटलं, त्यांनी आणखी खोल खणली. तिसऱ्यांनी ढेकळं फोडली. चौथ्यांच्या घरी तेव्हा टाइल्सचं काम चालू होतं. त्यांनी गवंड्याची वाळूची चाळण आणून सगळी माती चाळून काढली. मैद्यासारखी झाली. चाळणीत वर जे राहिलं, म्हणजे मुळं, काड्या, कुजकी पानं आणि गांडुळं, ते कचऱ्याच्या डब्यात गेलं. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करायची शिस्त आमच्याकडे कडक आहे. गांडुळं ओल्यात धरली गेली.

कुंदाताई खिडकीतून ओरडल्या, "अहो, काय करताय? ती गांडुळं काढू नका!"

"वहिनी, तुम्ही चिंता करू नका गे," खाली उभे असलेले धोंडू परब म्हणाले. परबांचे वडील गिरणीत होते, स्वतः परब कुरिअर कंपनीत मॅनेजर. पण कुडाळजवळ त्यांची वडिलोपार्जित जमीन होती आणि त्या जमिनीच्या जोरावर ते सोसायटीचे कृषितज्ज्ञ होते. जमीन भावकी कसत असे. परब मे महिन्यात आंबे खाऊन तिची पाहणी करत. "माती कशी, एकदा उलटीपालटी केली काय ती जागी होता."

"भावोजी, तुम्ही दुपारचे झोपलात आणि तुम्हाला कुणी दर रविवारी कुदळीने उलटंपालटं केलं, तर जागे व्हाल की जाल?"

"तुमका मस्करी सुचता," परब म्हणाले आणि त्यांनी युरियाची गोणी आणवली.

गोणी पंपाच्या खोलीत राहिली. ज्याची पाळी, त्याने मूठभर टाकायचा असं ठरलं. मूठ कुणाची, ते ठरलं नाही. शिवाय आधीच्याने टाकलाय की नाही याची खात्री नसे. चहात साखर घातली की नाही आठवलं नाही की आपण पुन्हा एक चमचा घालतोच, तसं होत गेलं. मेथी उगवली ती पिवळीच उगवली आणि लगेच करपली.

"विषमुक्त म्हणाला होतात ना?" कुंदाताईंनी नवऱ्याला विचारलं.

"युरिया खत आहे, विष नाही. विष फवारायचं असतं."

फवारणीसुद्धा झाली. आमचं झुरळांचं वार्षिक कंत्राट आहे. त्या कंत्राटात 'मोकळी जागा' असा शब्द असल्याचं बर्वेसाहेबांच्या लक्षात आलं. म्हणजे इतकी वर्षं मोकळ्या जागेच्या वाटणीचं औषध आपण सोडूनच देत होतो! त्यांनी पुढच्या खेपेला फवारणीवाल्याला थेट शेतात नेलं.

"साहेब, मातीत मारू?" तो बिचारा चाचरला. "मातीत झुरळं नसतात."

"कंत्राटात आहे. मारा."

त्याने मारलं. मुंग्या गेल्या, वाणी किडे गेले, गोगलगायी गेल्या. कुंदाताईंच्या खिडकीत जे तीन-चार बुलबुल यायचे, तेही यायचे थांबले. खायला काही नसेल तर कोण येईल?

त्या दिवशी जेवताना त्यांनी मार्तंडरावांना नीट, शाळेतल्यासारखं समजावलं. "एका मुठीतल्या मातीत किती जीव असतात ठाऊक आहे? अख्ख्या मुलुंडात माणसं नाहीत तितके. जिवाणू, बुरशी, दिसणारे, न दिसणारे. बुरशीचे धागे असतात केसाहून बारीक, ते मुळांना पाणी पोचवतात. तुम्ही दर आठवड्याला कुदळीने ते तोडता. गांडुळं बिळं करतात, त्यातून पाणी खाली जातं. ती तुम्ही कचऱ्यात टाकलीत. पानं हे त्या सगळ्यांचं जेवण. ते तुम्ही झाडून नेता. वर युरिया, वर औषध. मग उरतं काय?"

मार्तंडरावांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "अख्ख्या मुलुंडाहून जास्त?"

"हो."

"आणि मेंटेनन्स कोण भरतं?"

कुंदाताईंच्या ऐवजी पावसाने उत्तर दिलं. चाळून-चाळून पीठ झालेल्या मातीवर पाणी पडलं आणि वर कडक पापुद्रा धरला, पापडासारखा. पाणी आत जाईना. ते पापुद्र्यावरून घसरत पंपाच्या खोलीला वळसा घालून आलं आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं. लिफ्ट बंद. पंप लावून पाणी काढलं की चालू, सर आली की पुन्हा बंद. धवलची आई जयंतीबेन, गुडघ्यांनी त्रासलेल्या, चौथ्या मजल्यावर अडकून पडल्या. धवल जिने चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायचा आणि म्हणायचा, "ब्लॉक बसवले असते तर हे झालंच नसतं." ब्लॉकमधून पाणी कुठे जाणार होतं, हे त्याला कुणी विचारलं नाही. ब्लॉक दिसतात स्वच्छ. स्वच्छ दिसणाऱ्या गोष्टीला आम्ही प्रश्न विचारत नाही.

वर्षअखेरीला शेताचं एकूण उत्पन्न एक वांगं. तेसुद्धा किडकं. मार्तंडरावांच्या मते त्यावरून फवारणी कमी पडल्याचं सिद्ध होत होतं.

सभा तोंडावर आली. धवलचा ठराव तयार होता आणि आता त्याला विरोध करायला कुणाकडे तोंड नव्हतं. कुंदाताई रोज खिडकीत उभं राहून त्या राखाडी, भेगाळलेल्या तुकड्याकडे बघायच्या. ब्लॉक बसले तर माती गेलीच. नाही बसले तर उपसमितीला मुदतवाढ, म्हणजे आणखी एक वर्ष पाळ्या, तरी गेलीच. मातीला खरं म्हणजे एकच गोष्ट हवी होती, की तिला कुणी काही करू नये. आणि नवसंतोषमध्ये नेमकं तेवढंच कुणाला येत नव्हतं.

शेवटी त्यांनी भाचीला फोन लावला. गार्गी नवी वकील, ठाण्याला प्रॅक्टिस सुरू केलेली.

"गार्गी, एखाद्या जागेला कुणीच हात लावू नये असं करता येतं का?"

"जागेवर वाद असेल तर येतं. कोर्ट 'जैसे थे' आदेश देतं. निकाल लागेपर्यंत सगळं आहे तसंच ठेवायचं."

"काहीच करायचं नाही?"

"काडीसुद्धा हलवायची नाही, मावशी."

कुंदाताईंनी डोळे मिटले. इतकं सुंदर वाक्य त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"मग टाक दावा," त्या म्हणाल्या. "सोसायटीवर टाक, त्या धवलवर टाक आणि कृषी उपसमितीवर टाक."

"उपसमिती म्हणजे... काकाच ना गं?"

"म्हणूनच."

मंजूर नकाशात ती जागा मोकळी बाग म्हणून दाखवलेली होती, तेव्हा तिथे ना पार्किंग करता येतं ना शेती, असं दाव्यात म्हटलं होतं. नोटीस आली ती मार्तंडरावांनीच सही करून घेतली. चष्मा लावून वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"कुंदा, तू माझ्यावर केस टाकलीस?"

"तुमच्यावर नाही. उपसमितीवर."

"प्रतिवादी क्रमांक दोन, श्री. मार्तंड टिपणीस, राहणार," इथे त्यांचा आवाज चिरकला, "राहणार वादीच्याच पत्त्यावर!"

"पत्ता चुकलाय का?"

मार्तंडरावांनी नोटिशीची चौकोनी घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "जेवायला काय आहे?"

"वादीने पिठलं केलंय. प्रतिवादी बसणार असतील तर पानं घेते."

ते बसले. पिठलं चांगलं झालं होतं, पण तसं म्हणणं केसच्या दृष्टीने योग्य होईल की नाही याबद्दल त्यांच्या मनात शंका होती.

'जैसे थे' आदेश मिळाला. माती आहे तशी राहू द्या असं कुंदाताई वर्षभर सांगत होत्या, तेव्हा एकानेही ऐकलं नव्हतं. आता मागच्या भिंतीवर पाटी लागली आणि सगळी सोसायटी शिस्तीत आली. स्वतः काही करायचं नाही म्हणून नव्हे. दुसरा काही करतोय का, याच्यावर डोळा ठेवायचा म्हणून. मार्तंडराव धवलवर लक्ष ठेवत, धवल मार्तंडरावांवर, आणि बर्वेसाहेब दोघांवर.

पहिला पेच बदामाच्या पानांनी टाकला. देशी बदाम तो. लाल होऊन ताटाएवढाली पानं टाकायला लागला. सफाईवाली झाडू घेऊन आली तर बर्वेसाहेब धावत खाली उतरले.

"हात लावू नकोस! जैसे थे आहे!"

"पण सायबानूं," परब म्हणाले, "आदेश झालो तेवा पान झाडार होता. आता खाली पडला. मगे जैसे थे रवला खंय?"

बर्वेसाहेब विचारात पडले. "म्हणजे पान पडणं हाच भंग?"

"भंगच तो."

"मग उचलून परत वर लावायचं का?" जिन्यातून धवलने विचारलं.

तातडीची सभा बसली. झाड हा वादातला पक्ष नाही, सबब त्याच्यावर आदेश लागू होत नाही. मात्र पडलेलं पान जमिनीचा भाग होतं आणि त्याला हलवल्यास अवमान होतो, असं सर्वानुमते ठरलं. कुंदाताई मागच्या खुर्चीवर मान खाली घालून बसल्या होत्या. काही जणांना वाटलं, त्यांना लाज वाटत असावी. त्या हसत होत्या.

पानांवर पानं पडली, पावसात भिजली, दबली. खाली काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं आणि ते बरंच होतं. आदेशानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात पानांवर पांढरी बुरशी धरली. मग छत्र्या उगवल्या. मग एका सकाळी कुंदाताईंना गांडुळाच्या विष्ठेच्या बारीक बारीक गोळ्यांचा ढीग दिसला आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी चहा गाळणीशिवाय ओतला. ती कुठून आली, कोण जाणे. शेजारच्या गटाराकडेने आली असतील, किंवा चाळणीतून एखादं निसटलं असेल.

दुसऱ्या पावसाळ्यात कुणी न लावता टाकळा उगवला. कुर्डू उगवली. पंपाच्या खोलीमागे अळू आला, हत्तीच्या कानाएवढा. ज्या मातीत खणून, चाळून, खतं घालून एक वांगं आलं होतं, तिथे आता दोन वेळची भाजी होईल एवढा पाला होता, आणि कोर्टाच्या आदेशाने त्याला हात लावता येत नव्हता. परब रोज कामावर जाताना तिथे थांबायचे.

"टाकळो बग कसो इलोहा," ते व्याकूळ होऊन म्हणायचे. "कवळो कवळो. वायच खोबरा घातला काय..."

"परब, मागे या," बर्वेसाहेब गॅलरीतून ओरडायचे. "पुरावा आहे तो."

मग भारद्वाज आला. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, पानं उलथीपालथी करत किडे टिपत हिंडायचा. भारद्वाज दिसणं शुभ, हे आमच्याकडे शिकलेल्यांनाही ठाऊक असतं. सकाळी ऑफिसला निघालेली माणसं मागच्या भिंतीशी जाऊन, दर्शन घेऊन मगच गेटाबाहेर पडायला लागली. ज्यांना दिसायचा नाही ते दिवसभर धास्तावलेले असायचे. धवलसुद्धा यायचा, शेअर बाजारात त्याची उठबस होती.

एका सकाळी तो खिडकीपाशी बराच वेळ घुटमळला.

"कुंदाकाकी, एक विचारू? यंदा लिफ्ट एकदाही बंद नाही पडली."

"हं."

"पाऊस तर तेवढाच झाला ना? पाणी गेलं कुठे?"

कुंदाताईंनी गॅस बारीक केला. "तू ज्याच्यावर ब्लॉक घालणार होतास ना, त्याच्या आत गेलं. गांडुळांनी भोकं पाडली, मुळांनी वाट केली. खाली स्पंज झालाय नुसता."

धवलने मातीकडे पाहिलं, मग वर चौथ्या मजल्याच्या गॅलरीकडे. तिथे जयंतीबेन उन्हात बसल्या होत्या. आदल्या दिवशी त्या लिफ्टने उतरून देरासरला दर्शनाला जाऊन आल्या होत्या.

"काकी," तो हळूच म्हणाला, "मला नाही पाहिजे पार्किंग. मी माघार घेतो."

"खबरदार!" कुंदाताई म्हणाल्या.

धवल दचकला. पण त्याचं दचकणं पुरतं होतं न होतं तोच खरा घोटाळा बर्वेसाहेबांनी केला. त्यांना ती माती आवडायला लागली होती. आणि बर्वेसाहेबांना एखादी गोष्ट आवडली की ते तिचा विकास करतात. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर विषय आला: वाद सामोपचाराने मिटवून त्या जागी 'सजीव मृदा उद्यान' उभारणे. हिरवळ अंथरायची, तिच्या कडेने चालायला फरशीचा ट्रॅक. रंगीत दिवे. गांडुळांसाठी सिमेंटची स्वतंत्र टाकी, म्हणजे ती इकडेतिकडे फिरणार नाहीत. आणि मातीचं संवर्धन करण्यासाठी दर रविवारी एका फ्लॅटची पाळी.

विषयपत्रिका वाचून कुंदाताईंनी गार्गीला फोन लावला.

"मी नाही म्हटलं तर?"

"मावशी, तू एकटी काय भांडणार? धवलने पार्किंग सोडलं, काकांनी शेती सोडली, तर वाद राहिलाच कुठे? समोर कुणीतरी भांडायला पाहिजे. भांडण संपलं की स्थगिती संपते."

"आणि भांडण राहिलं तर?"

"मग राहील." गार्गी थबकली. "मावशी, तू काय विचार करत्येस? नको, सांगू नकोस. मला ऐकूच येत नाहीये. रेंज नाहीये इथे." आणि तिने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी टिपणिसांच्या स्वयंपाकघरात वादी, प्रतिवादी क्रमांक दोन आणि प्रतिवादी क्रमांक तीन चहा प्यायला बसले. खिडकी लावून घेतली होती.

"धवल, तू सभेत सांगायचंस, मला पार्किंग पाहिजेच."

"पण काकी, सगळे मला शिव्या घालतील. आता तर भारद्वाजपण येतो."

"घालू देत. आईला लिफ्ट पाहिजे ना? आणि अहो, तुम्ही म्हणायचं, मला शेतीच करायची आहे. एक इंच मागे हटणार नाही."

"ते मी मनापासून म्हणेन," मार्तंडराव म्हणाले.

कुंदाताईंनी त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं.

सभेला कधी नव्हे ते खुर्च्या कमी पडल्या. बर्वेसाहेबांनी उद्यानाचा आराखडा भिंतीवर लावला होता. त्यात एक कारंजंही घुसलं होतं. टाळ्या पडत असतानाच धवल उठला.

"मला हे मान्य नाही. मला माझं पार्किंग पाहिजे. झाडं, पक्षी, गांडुळं, सब ठीक आहे, पण माझी गाडी रस्त्यावर उभी असते ना!"

"अरे, लाज वाटते का?" मागून कुणीतरी ओरडलं. "भारद्वाजाच्या डोक्यावर गाडी लावणार तू?"

"लावणार!" धवल म्हणाला, आणि गरिबाचे कान लाल झाले.

मग मार्तंडराव उठले. "उपसमिती एक इंच मागे हटणार नाही. तिथे भाजीच झाली पाहिजे!" इथपर्यंत ठरल्याप्रमाणे होतं. पण माणसं ऐकतायत असं दिसलं की त्यांचा आवाज आपोआप चढतो. "आता तर माती तयार झाली आहे! काळीभोर! अशा मातीला फक्त एक हलका हात द्यायचा. वरचा पाचोळा बाजूला करायचा, एकदाच अलगद खणायची, चांगली भुसभुशीत करून घ्यायची आणि वाफे पाडायचे. भेंडी म्हणू नका, गवार म्हणू नका..."

लोक वाफे बघत होते. परबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरा बोलतत टिपणीस," ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तो उद्यानाला मिळालेल्या टाळ्यांपेक्षा मोठा होता.

बर्वेसाहेब लोकशाहीवादी. त्यांनी लगेच हवा ओळखली. "मग असं करू या का? अर्धं उद्यान, अर्धी शेती. धवलभाई, तुम्हाला कोपऱ्यात स्कूटरपुरती जागा. सगळेच खूश. टिपणीस जातीने जबाबदारी घेतायत. कुंदाताई, आता तर घरचाच माणूस आहे. उद्या कोर्टात तडजोड लिहून देऊ. काय?"

सगळ्या माना मागे वळल्या. धवलने घाबरून कुंदाताईंकडे पाहिलं. मार्तंडराव अजून उभेच होते, टाळ्यांनी किंचित फुललेले, आणि त्यांच्या उजव्या हाताची मूठ कुदळीच्या दांड्यावर असावी तशी वळलेली होती.

"मला मान्य नाही," कुंदाताई म्हणाल्या.

"पण का? काही कारण तर पाहिजे. मिस्टरांवर तरी विश्वास आहे ना तुमचा?"

कुंदाताई उठून उभ्या राहिल्या. संसारात त्यांनी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, भांडतानाही नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझा माझ्या नवऱ्यावर विश्वास नाही. तसं लिहून घ्या."

कुणाच्या तरी बायकोने पदर तोंडाला लावला. बर्वेसाहेबांचा पेन हवेतच राहिला, मग खाली आला आणि त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. घरातलं भांडण इतकं विकोपाला गेलं असेल तर तडजोड कसली, असं म्हणत लोक पांगले. टिपणिसांच्या घरात नेमकं काय बिनसलंय यावर लिफ्टमध्ये, जिन्यात आणि गेटाशी चर्चा सुरू झाली. उद्यानाचा विषय सगळे विसरले. दावा चालूच राहिला, आणि स्थगितीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाताई खिडकीत चहा घेत उभ्या होत्या. बदामाखाली पानं ओलसर, काळपट पडली होती आणि त्यांच्याखाली काहीतरी सरसरत होतं. मार्तंडराव मागे येऊन उभे राहिले.

"काल ते वाक्य ठरलं नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं."

"म्हणजे ऐनवेळी सुचलं. वेळ निभावून नेलीस हं. काय पण अभिनय! मला क्षणभर खरंच वाटलं."

कुंदाताईंनी चहाचा घोट घेतला.

"बाकी," मार्तंडराव खिडकीतून वाकून बघत म्हणाले, "तो पंपाच्या खोलीकडचा कोपरा आहे ना, तिथे जरासं घट्ट झाल्यासारखं वाटतंय. तेवढंच, अगदी वरच्यावर, कुणाला कळणारही नाही असं..."

"तुमच्या हातात काय आहे?"

मार्तंडरावांनी हात पाठीमागे नेला. "हे? खुरपं आहे. गंज काढायला नेतोय."

कुंदाताईंनी कप ओट्यावर ठेवला, फोन उचलला आणि नवऱ्यावरची नजर न हलवता नंबर लावला.

"गार्गी," त्या म्हणाल्या, "पुढची तारीख मिळेल तेवढी लांबची माग."